समाजाचं भलं कोणत्या चौकटीत लिहायचं?

सुट्टीत मिरजेला घरी गेलो की मोहल्ल्यातली दोन-चार मुलं भेटायला येतात. कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कुणी बी.कॉम. होऊन बसलेला. सुरुवात ठरलेली असते: ‘भाई, एक ॲप काढायचंय.’ मी कोडिंगबद्दल काही बोलत नाही. एक कोरा कागद घेऊन त्यावर नऊ चौकटी आखतो आणि म्हणतो, आधी हे भर.

या कागदाला ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ म्हणतात. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर आणि त्यांचे प्राध्यापक ईव्ह पिन्यूर या दोघांनी तो स्वित्झर्लंडमध्ये मांडला आणि २०१०च्या आसपास त्यांच्या पुस्तकातून तो जगभर गेला. इंटरनेटवर फुकट मिळतो. मधल्या चौकटीत आपण देणार काय ते लिहायचं. उजवीकडे ग्राहक कोण, त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे, त्याच्याशी नातं कसलं. डावीकडे भागीदार, करायची कामं, लागणारी साधनं. खाली एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला उत्पन्न. एवढंच.

मुलं भराभर लिहितात. ‘ग्राहक’ या चौकटीत बहुतेक जण दोन शब्द लिहितात: मुस्लिम समाज. तिथे मी पेन काढून घेतो.

कारण ही चूक मी स्वतः केली आहे. तिची किंमत साडेचार लाख रुपये आणि घरातला दीड वर्षांचा अबोला.

आमच्याकडे गल्लीगल्लीत बायका घरी शिवणकाम करतात. ब्लाउज, ड्रेस, साडीला फॉल-पिको. हातात कला, पण गिऱ्हाईक शेजारपाजारचंच. मी आणि माझ्या मित्रानं ठरवलं, ॲप काढू. ग्राहक ऑर्डर देईल, बाई शिवेल, आम्ही १५ टक्के घेऊ. पुण्यातली नोकरी सांभाळून आठ महिने रात्री जागून कोड लिहिला. २३ बायकांची नोंदणी केली. उद्घाटनाला मोहल्ल्यातले बुजुर्ग आले, दुआ झाली, फोटो निघाले.

ऑर्डर मात्र येईनात. ब्लाउज शिवायचा तर मापाचा ब्लाउज द्यावा लागतो, गळा किती खोल ते समोर बसून सांगावं लागतं. मोबाइलवर ते होत नाही. ज्या थोड्या ऑर्डरी आल्या त्यांतही पहिला ब्लाउज ॲपवरून आणि दुसरा थेट फोनवरून. बाई आणि गिऱ्हाईक एकमेकींना भेटल्या, नंबर घेतले, आमचं काम संपलं. तेव्हा मला त्या बायकांचा राग आला होता. आज वाटतं, ३०० रुपयांच्या शिलाईतले ४५ रुपये तिनं आम्हाला कशासाठी द्यावेत?

ॲप बंद झाल्यावर ऑफिसमधल्या एका सीनियरनं माझ्यासमोर हा कागद ठेवला. चाळीस मिनिटांत कळलं ते आठ महिन्यांत कळलं नव्हतं. ज्या बायकांना मी ‘ग्राहक’ धरून चाललो होतो त्या ग्राहक नव्हत्याच. त्या काम करणाऱ्या होत्या, म्हणजे डावीकडच्या भागीदारांच्या चौकटीतल्या. उजवीकडची चौकट रिकामी होती. आम्हाला ज्यांचं भलं करायचं होतं ते वेगळे आणि ज्यांच्या खिशातून पैसे येणार होते ते वेगळे, आणि या दुसऱ्यांचा आम्ही विचारच केला नव्हता. नियत साफ होती, हिशेब नव्हता.

पुढे त्यांच्यातल्याच एका खालांनी सहज सांगितलं की लग्नसराईत सांगलीतल्या साडीच्या दुकानांना फॉल-पिको वेळेवर करून देणारं कुणी मिळत नाही. हे त्यांना कितीतरी वर्षं माहीत होतं. मग आधी का नाही सांगितलं? ‘तुम्ही विचारलंच कुठं बेटा?’ खरंच विचारलं नव्हतं. आम्ही त्यांना लाभार्थी समजत होतो, आणि लाभार्थ्याला धंद्यातलं कोण विचारतं!

मग ग्राहकाच्या चौकटीत साडीचं दुकान आलं. दुकानदार एका साडीचे ९० रुपये देतो. बाईला ५०, फॉल आणि दोरा २२, ने-आण ६. उरले १२. दिवसाला ६० साड्या झाल्या तर ७२० रुपये. यातून ‘युनिकॉर्न’ होत नाही. पण आता सहा बायका ते स्वतः चालवतात, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक स्कूटी यांवर. ॲप नाही. माझ्याकडे फक्त हिशेबाची शीट आहे.

सच्चर समितीनं २००६ साली नोंदवलं होतं की मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि बायकांमध्ये घरबसल्या काम करणाऱ्या बऱ्याच आहेत. बँकेचं कर्ज मिळण्यात आपण मागे आहोत, हेही त्याच अहवालात आहे. म्हणून ‘आपल्या पोरांनी धंद्यात उतरावं’ असं कुणी व्याख्यानात सांगितलं की मला हसू येतं. आपण धंद्यातच आहोत. नोकरीत दार उघडत नाही म्हणून अनेकजण नाइलाजानं आहेत. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा पडायला पैसे नाहीत त्यानं पहिल्यांदा तरी कागदावर पडून घ्यावं. कागद फाडायला काही लागत नाही.

या नऊ चौकटींत एक गोष्ट मात्र सुटते. भांडवल कुणाचं आणि बुडालं तर कुणाचं, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. साडेचार लाखांतले तीन लाख दुल्हेभाईंचे होते. व्याज नको म्हणून बँकेत गेलो नाही आणि घरचेच आहेत म्हणून काही लिहिलं नाही. ते कर्ज होतं की भागीदारी, हे दोघांच्या मनात वेगवेगळं होतं. मुदारबामध्ये एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफ्याचा वाटा आधी ठरतो आणि हलगर्जी न करता तोटा झाला तर भांडवल भांडवलवाल्याचं जातं. आम्ही दोघंही हे ऐकून होतो, बोललो मात्र नाही. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. ती आमच्या घरात नेहमी पढली जाते. तरी दोन ईदा आपा माहेरी एकटीच आली. आता मी ते कर्ज मानून हप्त्यानं फेडतो आहे, आणि मुलांच्या कागदाच्या मागच्या बाजूला दहावी चौकट स्वतः आखतो.

‘भाई, सगळंच बाजारात बसवायचं का?’ असं एकानं विचारलं. नाही. स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देणं हे सेवेचं काम आहे, ते संस्थेनं देणगीवर करावं. पण मग तिथंही पैसे देणारा देणगीदार आहे, हे लिहावं. त्याला स्टार्टअप म्हणून मिरवू नये.

गेल्या खेपेला एक मुलगा मुस्लिम तरुणांसाठी एमपीएससीच्या नोट्सचं ॲप घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं, अभ्यासिकेत जाऊन पंधरा जणांना विचार, ते कशावर पैसे खर्च करतात. आठ दिवसांनी कागदाचा फोटो आला. ‘मुस्लिम समाज’ खोडून त्यानं लिहिलं होतं: ‘तालुक्यातून शहरात राहायला आलेली, रात्रीच्या जेवणाची आबाळ होणारी मुलं’. त्या पंधरांतले निम्मे मुसलमान नव्हते. नोट्स सगळ्यांकडे होत्या, डबा कुणाकडेच नव्हता. आता डबा कोण करणार त्या चौकटीत त्यानं ‘अम्मी’ लिहिलंय. अम्मीला विचारलंय का, एवढं त्याला परत कळवलं आहे.