काच निर्दोष आहे : कोकणातील काचकुट्टिमाविषयी एक प्रतिवाद

१/
"खाऱ्या हवेत काच टिकत नाही." दापोली तालुक्यातील एका गावाच्या देवस्थान समितीच्या बैठकीत गेल्या महिन्यात हे वाक्य ऐकले. वाक्य अवघे पाच शब्दांचे. पण त्याच्या आधारावर एक अख्खी भिंत खरवडून काढण्याचा ठराव होऊ घातला आहे. हा धागा त्या ठरावाच्या विरोधात आहे.

२/
हकीकत थोडक्यात अशी. सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतीवर गावातील मुलांनी वर्गणी काढून काचेच्या तुकड्यांचे चित्र बसवून घेतले : शिमग्याची पालखी, मागे समुद्र, वर आभाळ. तिसऱ्या पावसाळ्यात त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग गळून पडला. आता उरलेले दोन तृतीयांशही काढून तेथे ग्रॅनाइट लावायचे घाटते आहे. ज्या मुलाने चित्र आखले, त्याला गावात तोंड वर करून बोलणे कठीण झाले आहे.

३/
आधी शब्द स्पष्ट करू. जुन्या घरांतली सिमेंटची 'मोझेक फरशी' किंवा गच्चीवर फुटक्या कपबश्यांचे बसवतात ते 'चायना मोझेक' येथे अभिप्रेत नाही. रंगीत काचेचे लहान तुकडे मालात बसवून चित्र घडवण्याची ही कला. मराठीत तिला कुट्टिमचित्रण म्हणतात. संस्कृतात 'कुट्टिम' म्हणजे फरसबंद भूमी.

४/
आता आरोप पहिला : समुद्र आणि दमट हवा. इटलीतील राव्हेन्ना हे नगर ज्ञात जगातील काचकुट्टिमाची पंढरी. तेथील गाला प्लाचिदियाच्या समाधिगृहातील काम इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातले. सान व्हिताले हे चर्च ५४७ मध्ये समर्पित झाले. निळी, हिरवी, सोनेरी काच आजही छतावर झळकते.

५/
हे राव्हेन्ना कोठे आहे? वाळवंटात नव्हे, डोंगरावर नव्हे. समुद्राकाठच्या दलदलीत. तेथील जमीन खचत आली आहे आणि भूजल इतके वर आहे की सान फ्रान्चेस्को चर्चच्या तळघरात जुनी कुट्टिमभूमी पाण्याखाली आहे आणि तिच्यावरून मासे फिरतात. खारी हवा आणि ओल यांनीच काच मरत असती, तर राव्हेन्ना कधीच संपले असते.

६/
कोणी म्हणेल, तेथील काम वेळोवेळी दुरुस्त झाले आहे. झालेच आहे! तोच तर मुद्दा आहे. दीड हजार वर्षांत तेथे जे पडले ते पुन्हा बसवले गेले. एक तृतीयांश पडले म्हणून उरलेले दोन तृतीयांश कोणी फोडून टाकले नाही.

७/
विरोधी पुरावा लपवणे हा प्रामाणिक वाद नव्हे, म्हणून तोही मांडतो. प्राग येथील सेंट व्हाइटस कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर चौथ्या चार्ल्सने १३७०-७१ च्या सुमारास काचकुट्टिम करवून घेतले. ते काही काळातच राखाडी पुटाखाली झाकोळले. पुन्हा पुन्हा साफ करावे, पुन्हा पुन्हा पूट चढावे, असे शतकानुशतके चालले. तेथे काचच खरोखर झिजत होती.

८/
कारण त्या काचेच्या पाककृतीत आहे. वाळू वितळण्यासाठी १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती कमी करण्यासाठी वाळूत क्षार घालतात. रोमन परंपरेतील कारागीर सोड्याचा क्षार वापरत. मध्य युरोपात लाकडाच्या राखेतला पोटॅशचा क्षार वापरला गेला. पोटॅश भरपूर आणि सिलिका कमी, अशा काचेतून पावसाचे पाणी क्षार ओढून घेते आणि पृष्ठभागावर पूट धरते.

९/
आज बाजारात मिळणारा २० मिलिमीटरचा चौकोनी तुकडा कोणत्या घराण्यातला? सोडा-चुना-काचेच्या : सुमारे ७० टक्के सिलिका, उरलेल्यात मुख्यतः सोडा आणि चुना. म्हणजे तो प्रागचा नव्हे, राव्हेन्नाचा वंशज. रंगही वर फासलेला नसतो. कोबाल्टची निळाई, तांब्याची हिरवाई, मँगनीजची जांभळी छटा काचेच्या अंगातच मुरलेली असते. ऊन तिला विटवत नाही.

१०/
मग भिंतीवरून पडले ते काय? माझी एकच विनंती आहे. निकाल देण्यापूर्वी पडलेला तुकडा हातात घ्यावा आणि उलटा करावा. काचेचे तोंड सर्वांना दिसते. तिचे दुखणे पाठीवर लिहिलेले असते.

११/
पाठीला मालाबरोबर गिलाव्याचा थरही चिकटून आला असेल, तर काच आणि माल यांचे नाते शाबूत होते. गिलाव्याने चिरा सोडला. पाठीवर आणि भिंतीवर पांढरी भुकटी असेल, तर तो लोणा : भिंतीतले क्षार ओलीबरोबर बाहेर आले आणि काचेमागे स्फटिक होऊन त्यांनी तिला ढकलले.

१२/
तुकडे जागच्या जागी तडकले असतील, तर भिंत हलली किंवा उन्हाने फुगायला वाव मिळाला नाही. पाच मीटर लांबीच्या काचकामाचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर ते सव्वा मिलिमीटरहून अधिक वाढू पाहते. त्या सव्वा मिलिमीटरला जागा ठेवली नाही, तर ते आपली जागा स्वतः करून घेते.

१३/
आणि पाठ अगदी स्वच्छ असेल, तिला नुसती जाळी आणि मऊ पडलेला गोंद चिकटला असेल, तर मालाने काचेला कधी धरलेच नव्हते. त्या भिंतीखालचे चाळीसेक तुकडे मी उचलून पाहिले. बहुतेकांची पाठ अशी होती. काहींवर लोणा होता. काच मात्र एकाचीही झिजलेली नव्हती. धुतल्यावर रंग पहिल्या दिवसाचा.

१४/
ही जाळी आली कोठून, हे समजण्यासाठी तंत्राचा इतिहास पाहावा लागतो. प्राचीन पद्धत थेट बसवणीची. भिंतीवर चुन्याचे दोन-तीन थर, खालचा जाडाभरडा, वरचा बारीक. एका दिवसात भरता येईल तेवढाच वरचा थर लावायचा, ओल्या थरावर चित्राची रेघ रंगवायची आणि एकेक तुकडा हाताने दाबायचा. तुकडे किंचित तिरके ठेवत, म्हणजे उजेड प्रत्येकावर वेगळा खेळे. पाठ आणि माल यांच्यामध्ये दुसरे काहीही नसे.

१५/
एकोणिसाव्या शतकात दुसरी पद्धत प्रचारात आली. व्हेनिसच्या आंतोनियो साल्व्हियाती या वकिलाने १८५९ मध्ये कुट्टिमाचा कारखाना काढला. चित्र कागदावर उलटे काढायचे, तुकड्यांचे तोंड कागदाला चिकटवायचे, मग तो कागद भिंतीवरच्या ओल्या मालात दाबायचा आणि शेवटी भिजवून सोलायचा. यामुळे व्हेनिसमध्ये केलेले काम लंडनच्या आल्बर्ट स्मारकापर्यंत पोहोचू शकले. कारागीर आणि भिंत यांची ताटातूट झाली, पण काचेची पाठ मोकळीच राहिली.

१६/
तिसरी पद्धत आपल्या काळाची. तुकड्यांच्या पाठीला जाळी डकवायची आणि ती जाळीच भिंतीला लावायची. काम झटपट होते, चित्र उलटे काढावे लागत नाही. पण आता पाठ आणि माल यांच्यामध्ये गोंद आला. तो गोंद पाण्याने मऊ पडणारा असेल, तर घरातल्या कोरड्या भिंतीवर चालेल. दापोलीच्या साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात उघड्या भिंतीवर चालणार नाही. दोष काचेच्या जातीचा नाही. दोष घाईचा आहे.

१७/
त्यात आपली भिंत जांभ्याची. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि श्वासही सोडतो. काचेतून वाफ जात नाही. तिला बाहेर पडायला तुकड्यांमधल्या दर्जा तेवढ्या उरतात. त्या दर्जाही अभेद्य रासायनिक मालाने भरल्या, गिलाव्यात न धुतलेली खाडीची वाळू घातली, की लोण्याला आमंत्रण वेगळे द्यावे लागत नाही.

१८/
हे ज्ञान आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हते असे कोण म्हणेल? शिंपल्यांचा चुना भाजणे, घाणीत मळणे, मुरवणे ही या किनाऱ्यावरचीच विद्या. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ते कड्यावर आहे, समोर समुद्र आहे, खारा वारा थेट अंगावर येतो. तेथे कोणी 'चुना टिकत नाही' असा ठराव केला नाही. माल भिंतीच्या स्वभावाचा होता आणि देखभाल चालू होती.

१९/
आरोप दुसरा : "हे आपले नव्हेच, इटलीचे फॅड." तेर, नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी येथील उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्या सापडल्या आहेत. उदयपूरच्या राजवाड्यातील मोर चौकात महाराणा सज्जनसिंहाच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, काचेच्या तुकड्यांचे मोर घडले. त्या कामाला तेथे ठीकरी म्हणतात. परके म्हणावे असे यात काय आहे?

२०/
आणि दापोलीकरांनी तर हा आक्षेप घेऊच नये. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यातले. माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारणाऱ्या ज्या पैसा फंडाच्या पाठीशी टिळक उभे राहिले, त्या फंडाने पहिला कारखाना कशाचा काढला? काचेचा. तळेगाव दाभाडे येथे, १९०८ साली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

२१/
अंताजी दामोदर काळे यांनी तो फंड पैशापैशाने उभा केला. जपानमध्ये तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्यावर आले. तेथे काचेबरोबर काच करणारी माणसेही घडवली गेली. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. ज्या मातीतून हे उभे राहिले तेथे काच 'परकी' म्हणणे म्हणजे आपलाच इतिहास न वाचणे होय.

२२/
आणखी एक विसंगती. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातील सिलिका वाळू काच आणि ओतकामाच्या कारखान्यांसाठी ट्रक भरभरून जिल्ह्याबाहेर जाते. कोकणची वाळू चालते. काच झालेली तीच वाळू मात्र कोकणात 'टिकत नाही'!

२३/
आता ग्रॅनाइटचा हिशेब करू. चार मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे १० किलो. अठरा मिलिमीटर ग्रॅनाइटचे सुमारे ४८ किलो. म्हणजे ज्या गिलाव्याने १० किलो धरले नाहीत, त्याच्यावर जवळजवळ पाचपट भार टांगायचा. लोणा ग्रॅनाइटला ओळखत नाही. तो त्यालाही ढकलेल. काचेचा तुकडा पडला तर आवाज होतो. ग्रॅनाइटची लादी पडेल तेव्हा खाली पोरे खेळत असतील.

२४/
काच सर्वत्र वापरा, असे माझे म्हणणे नाही. अनवाणी पायांच्या, ओल्या होणाऱ्या प्रदक्षिणामार्गावर ती घसरडी ठरते. चांगले काम वेळखाऊ आणि खर्चिक असते. चित्रही वाईट असू शकते. चित्र आवडले नाही म्हणून काढायचे असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. समुद्राच्या खांद्यावर बंदूक ठेवू नये.

२५/
दुरुस्ती अशी होऊ शकते. भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून पोकळ भाग खडूने आखावा. घट्ट भागाला हात लावू नये. वरून-खालून भिंतीत पाणी शिरण्याच्या वाटा आधी बंद कराव्यात. पोकळ गिलावा चिऱ्यापर्यंत काढून भिंत पूर्ण वाळू द्यावी. वाळतावाळता वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये. नवा गिलावा गोड्या पाण्याच्या धुतलेल्या वाळूचा असावा.

२६/
पडलेले तुकडे जाळी सोलून स्वच्छ करावेत आणि कागदाच्या पद्धतीने, पाठ मोकळी ठेवून, काचेसाठीच्या पांढऱ्या मालात बसवावेत. पाठीमागे पोकळी राहू नये. बाहेरच्या भिंतीवर अडीच ते साडेतीन मीटरवर एक लवचिक सांधा ठेवावा. हे सारे पावसाळा सरल्यावर, उन्हाळ्याचा ताप चढण्याआधी व्हावे.

२७/
समितीतील सर्व ज्येष्ठांविषयी मला आदर आहे. त्यांच्यापुढे मागणी एवढीच : ठरावाआधी एका जाणत्या गवंड्याला भिंत वाजवू द्या आणि पडलेल्या तुकड्यांची पोती भंगारात घालू नका. त्या पोत्यांत पालखी आहे, समुद्र आहे आणि गावाच्या पोरांनी दारोदार फिरून जमवलेली वर्गणी आहे. पैशापैशाने उभे केलेले मोडण्यापूर्वी एकदा उलटून पाहावे, इतके तरी टिळकांच्या तालुक्याने पैसा फंडाचे देणे मानावे.

२८/
धागा येथे संपवतो. आपल्या गावात असे काम पडले असेल, तर तुकड्याच्या पाठीचे छायाचित्र खाली जोडावे. तोंडाचे नको, पाठीचे.