घामाला पुरून उरेल ते

वसईचा उन्हाळा तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही. खरा छळ खाडीवरच्या दमट हवेचा. म्हणून या अंकासाठी डिझायनर शोधताना कसोटी एकच ठेवली: विरार लोकलमधून उतरल्यावर कपडा अंगाला चिकटलेला नसावा. मलमल आणि खादी तरली. पॉलिएस्टर, कितीही देखणं असलं तरी, बाद.

शोधासाठी मुंबई गाठायची गरज नव्हती. डहाणूजवळच्या चिंचणीत सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पेढीवर नाव सराफाचं, नक्षी मात्र यांच्या हातची. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात छापील वारलीचाच सुळसुळाट आहे. हाताने रंगवलेला पदर महाग पडतो, पडू द्या. आणि वसईतल्या सामवेदी कुपारी समाजाच्या बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं! त्या चौकड्यांचा सुती कुर्ता कुणी शिवला, तर पहिलं गिऱ्हाईक आम्ही.

दागिने मोजकेच निवडलेत, कारण घामाने मुलामा काळवंडतो. चांदी चालेल, घासली की पुन्हा उजळते. तेही नको असेल, तर सोनचाफा वसईतच पिकतो आणि त्याला घडणावळ लागत नाही.