त्यांना 'स्वयंसेवक' का म्हणतात?

मागच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात 'रोजगार मेळावा' झाला. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली एका संस्थेचं नाव, त्याखाली स्थानिक नेत्याचा हसरा चेहरा. पाहुण्या मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं की कामावर वेळेत जावं, कपडे नीटनेटके असावेत, मनात आत्मविश्वास असावा. पहिल्या रांगेत बसलेल्या मावशी गेली बारा वर्षं पहाटे सहाला आमच्या गल्ल्या झाडतात, गटारातला गाळ काढतात. पावसाळ्यातसुद्धा त्यांचा खाडा नसतो. त्यांना वेळेवर कामाला जायचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि शेवटी प्रमाणपत्रही दिलं गेलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, पगार किती मिळतो?"

"पगार नाय रे बाबा, मानधन. तेबी तीन महिन्यांचं थकलंय."

शहरी वस्त्यांमधल्या रोजगार कार्यक्रमांचं सगळं राजकारण या एका शब्दात आहे. पगार हा कामगाराचा हक्क असतो. मानधन देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. आणि मानधन घेणारा कामगार नसतो, तो 'स्वयंसेवक' असतो. त्याला किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. मेला तर नुकसानभरपाईसाठी आधी तो कामगार होता हे सिद्ध करत बसा.

मुंबई महापालिकेने झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी 'दत्तक वस्ती योजना' आणली. पुढे तिचं नाव 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान' झालं. ऐकायला किती छान! वस्तीतल्याच संस्थेला काम द्यायचं, वस्तीतल्याच माणसांना रोजगार मिळेल, लोकसहभाग वाढेल. प्रत्यक्षात काय झालं? जे काम उंच इमारतींच्या रस्त्यावर कायम कामगार पूर्ण पगारावर करतो, तेच काम झोपडपट्टीत 'स्वयंसेवक' किमान वेतनाहून कमी पैशांत करू लागला. हातात तोच झाडू, नाकात तीच घाण. आणि दोन्हीकडे झाडू धरणारे हात बहुतेक आपलेच. दत्तक नेमकं कोणी कोणाला घेतलं?

हा अपघात नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबईत जी लढाई लढली तिच्यात हे सगळं उघडं पडलं. कंत्राटी कामगार कायदा 1970 चा. तो मुळात 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता (महाराष्ट्राने ती मर्यादा नंतर 50 वर नेली, म्हणजे पळवाटेचा हमरस्ता केला). मग काय करायचं? काम लहान लहान तुकड्यांत वेगवेगळ्या संस्थांना वाटायचं, प्रत्येकीकडे वीसपेक्षा कमी माणसं ठेवायची आणि कागदावर त्यांना स्वयंसेवक म्हणायचं. संघ न्यायालयात गेला. वर्षानुवर्षं तारखा पडल्या. अखेर एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. या 2,700 जणांनी कोणतं नवं कौशल्य शिकलं होतं? एकही नाही. काम तेच होतं. बदललं ते फक्त त्यांचं नाव: स्वयंसेवकाचा कामगार झाला.

वस्तीतल्या माणसाला काम येत नाही म्हणून तो गरीब आहे, हे या सगळ्या मेळाव्यांचं गृहीतक आहे. बाबासाहेबांनी ते कधीच फोडून ठेवलंय. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण भाषणात ठोकतो. पण त्याच भाषणातला तपशील विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून मरेपर्यंत राबतो, पण त्याला साधा पोर्टर नेमत नाहीत. कारण काय, तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात! आणि गिरण्यांचं काय? जास्त पगाराच्या साचेखात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. ओझं उचलायला किंवा धागा ओढायला कौशल्य कमी पडत होतं का? दार बंद होतं आणि आतून कडी होती. आता त्याच दाराबाहेर आपल्याला 'दार कसं वाजवावं' याचे वर्ग भरवून मिळतात.

आपल्यातले काही जण म्हणतील, बाबासाहेबांनी ही घाणीची कामं सोडायला सांगितली आणि तुम्ही त्याच कामात कायम करा म्हणता? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः त्यावर बरीच वर्षं अडलो होतो. पण झाडू सोडायचा तर आधी पोराची फी भरायला हवी. ज्यांच्या घरात कायम नोकरीचा पगार आला, त्यांची मुलं शिक्षक झाली, बँकेत लागली, हे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात दिसेल. मानधनावरच्या मावशीची मुलगी मात्र दहावीनंतर आईच्याच जागी उभी राहते. जातीचं काम पिढीजात ठेवायचं असेल तर ते स्वस्त ठेवणं हाच उत्तम उपाय आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची संघटना बांधली. त्यांना 'आधी हे काम सोडा, मग या' असं सांगितलं नाही.

दुसरी वाट पुण्यात दिसते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरा वेचणाऱ्या बायांची संघटना आहे. तिच्यातून 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार केला. इथे कचरा वेचणारी बाई संस्थेची सभासद आहे, ठेकेदाराची मजूर नाही. पण मी याचं आंधळं कौतुक करणार नाही. तिचं उत्पन्न घरोघरच्या शुल्कावर आणि भंगारावर अवलंबून आहे, आणि कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली की ठेकेदार दारात उभे असतात. मालकी मिळाली, हमी मिळाली नाही. तरी मानधनापेक्षा हे पाऊल पुढचंच.

आता कडू बोलतो. वस्त्यांमध्ये स्वयंसेवक नेमणाऱ्या या संस्था चालवतं कोण? अनेक ठिकाणी आपलेच कार्यकर्ते. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीत पुढे असणारा भाऊच मावशीच्या मानधनातून वाटा कापतो. सनातन्यांना शिव्या देणं सोपं आहे, तिथे टाळ्या मिळतात. या भावाकडे हजेरीपट मागितला की विहाराच्या पायरीवरच भांडण होतं. माझं झालंय. "समाजात फूट पाडतोस" असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. मावशीचे पैसे कापताना समाज एकसंध होता का, एवढंच मी विचारलं.

त्याच संस्थेला पुढच्या महिन्यात विहाराचा हॉल पुन्हा हवाय, यावेळी 'उद्योजकता शिबिरा'साठी. विहार समितीच्या बैठकीत आम्ही सात जणांनी लेखी अट घातली आहे: संस्थेचा पालिकेशी झालेला करार, स्वयंसेवकांची यादी आणि मागच्या बारा महिन्यांच्या वाटपाच्या पावत्या आधी नोटीस बोर्डावर लावा, मग किल्ली घ्या. अर्जावर पहिला अंगठा त्या मावशींचा आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

जय भीम.