पुराव्याआधी उपचार

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर, म्हणजे आताच्या गडचिरोली, जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याची फिर्याद झाली. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले; १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अंगावर जखम नाही, सबब प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, सबब संमती होती, असा तो युक्तिवाद! कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर संताप उसळला आणि १९८३ साली कायदा बदलला.

तपासणीच्या मेजावरील दृष्टी मात्र बदलली नाही. पीडितेच्या पूर्वायुष्याचा निवाडा करणारी ‘दोन बोटांची चाचणी’ २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध मानली, २०१४ साली केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ती वर्ज्य केली. तरीही २०२२ साली, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे न्यायालयाला बजावावे लागले. डॉक्टरच्या लेखी ती स्त्री रुग्ण नसून मुद्देमाल होती, हेच याचे मूळ.

जागतिक आरोग्य सभेने १९९६ सालीच हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे जाहीर केले. त्याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. एचआयव्हीची लागण रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भधारणा टाळण्याचा उपायही जितका लवकर तितका गुणकारी. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून परत पाठवलेल्या स्त्रीचे हे तास ठाण्याच्या बाकावरच संपतात. म्हणूनच सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ व मोफत उपचार केलेच पाहिजेत, असे बंधन २०१३ च्या कायद्याने घातले; २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे.

परंतु बंधन पाळायचे तर गावाजवळच्या रुग्णालयात औषध हवे, प्रशिक्षित डॉक्टर हवा, धीर देणारी समुपदेशक हवी. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. सरकार जो खर्च वाचवते, तो पीडितेचे घर बुडालेल्या मजुरीतून आणि काढलेल्या कर्जातून भरते. न्यायाला वर्षे लागतील. उपचाराला तासांची मुदत आहे. तो मिळणे हा तिचा हक्क आहे, आणि त्याचा हिशेब विधिमंडळात दरवर्षी मागितला गेला पाहिजे.