गरम पोळीचे मानकरी

‘आमच्याकडे शिळं चालत नाही.’ हे वाक्य लोक ज्या रुबाबात टाकतात, त्या रुबाबात संस्थानिकांनीही आपली वंशावळ सांगितली नसेल. सांगणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो आणि स्वयंपाकघरात हिंगाची डबी कुठं ठेवतात हे त्याला तिशीत ठाऊक नसतं, साठीतही नसतं. शेजारी बसलेली त्याची बायको हसते. ते हसू मला चांगलं ओळखता येतं. रात्री साडेनऊला एकेक पोळी लाटून, भाजून, पानात टाकून शेवटी स्वतः गार जेवणाऱ्या बाईचं ते हसू असतं.

आता या शुद्ध ताज्या माणसाचा दिवस बघा. सकाळी सातला शिजलेली भाजी तो दुपारी दीडला ऑफिसात डबा उघडून खातो. मुंबईत तर 1890 पासून डबेवाल्यांची अख्खी व्यवस्था अशा सकाळीच शिजलेल्या जेवणावर उभी आहे, आणि ते डबे फ्रीजमधून प्रवास करत नाहीत. तेव्हा याचं काही बिघडत नाही. संध्याकाळी मात्र काल रात्रीची, फ्रीजमध्ये झाकून ठेवलेली, उकळी काढून वाढलेली उसळ दिसली की याच्या कपाळावर आठी चढते. पानात वर्षभरापूर्वीचं कैरीचं लोणचं असतं, ते चालतं. दिवाळीचा चिवडा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो, तोही चालतो. पुरणपोळी दुसऱ्या दिवशीच खरी लागते, असं हाच गृहस्थ जिभल्या चाटत सांगतो. शनिवारी हॉटेलात जाऊन ज्या पनीरवर तो ताव मारतो, त्याची लाल ग्रेव्ही पातेलंभर करून ठेवलेली असते, हे त्याला कोणीतरी एकदा सांगायला हवं. हॉटेलवाला गिऱ्हाईक आल्यावर टोमॅटो चिरायला घेत नाही.

म्हणजे अडचण अन्नाच्या वयाची नाहीच. त्याच्यासाठी त्या वेळेला कोणी ओट्याशी उभं आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

यावर काही विद्वान गीता काढतात. सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक, शिजवून प्रहर उलटलेलं अन्न तामसी लोकांना आवडतं वगैरे. प्रहर म्हणजे तीन तास. या हिशेबानं चर्चगेटपासून नरिमन पॉइंटपर्यंत रोज दुपारी सगळा तमोगुणच जेवायला बसतो. पण श्लोकाची आठवण डब्याच्या वेळी होत नाही, रात्रीच्या पोळीच्या वेळी होते.

हा नियम मुळात वेडगळ नव्हता, हे मान्य. मे महिन्यात जळगावात, फ्रीज नसताना, सकाळची आमटी संध्याकाळी फेसाळायची. तेव्हा दोन वेळा चूल पेटवणं हे शहाणपण होतं. पण आता दोन दारांचा फ्रीज हप्त्यावर घ्यायचा, त्यात थंड पाण्याच्या बाटल्या आणि वाळलेली कोथिंबीर ठेवायची, आणि नियम मात्र चुलीच्या काळातला पाळायचा, याला परंपरा म्हणत नाहीत.

घरच्या बिनपगारी कामात कोणाचा किती वेळ जातो, याचा सरकारनं हिशेब करून ठेवला आहे. 2019 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला त्यात 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97. 2024 मध्ये बायकांची मिनिटं 289 झाली. आनंद व्हावा तर पुरुषांची 88 वर आली. बाईची दहा मिनिटं सुटली म्हणताच पुरुषानं आपली नऊ काढून घेतली.

मी काय करते ते सांगते. रविवारी सकाळी तीन वाट्या तूरडाळ हळद-हिंग घालून मोठ्या कुकरात लावते, घोटते आणि फोडणी देत नाही. सगळी मेख इथंच आहे. फोडणी पडली की डाळीचं नशीब ठरलं. बिनफोडणीची डाळ काहीही होऊ शकते. त्या दिवशी तूप-लिंबाचं साधं वरण. उरलेली लगेच दोन पसरट डब्यांत फ्रीजमध्ये. सोमवारी एक डबा काढून आमसूल, गूळ, गोडा मसाला घालून आमटी. मंगळवारी दुसऱ्यात कणकेच्या चकोल्या सोडून वरणफळं, वर कच्चं तेल किंवा तूप. तीन दिवस, तीन चवी, एकच कुकर. वाटणाचंही तेच. एक किलो कांदा लोखंडी कढईत काळपट होईस्तोवर परतायला पाऊण तास जातो, पण पाव किलोलाही पंचवीसेक मिनिटं जातातच. मग किलोचंच करावं, खोबरं भाजून त्यात वाटावं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या डब्यात भराव्यात. दोन वड्यांत वांग्याची भाजी, चारांत अंड्याचा रस्सा.

सगळंच असं होत नाही. बटाट्याचा रस्सा गोठवला की फोडी स्पंज होतात. भेंडीला पुनर्जन्म नाही. आणि भाताच्या बाबतीत मी भित्री आहे, तुम्हीही असा. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून भात परातीत पसरून निववायचा, तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन संपवायचा. रात्रभर कुकरमध्येच राहिलेल्या भाताचं कौतुक करणाऱ्यांपासून सावध राहा.

हे सगळं सांगितलं की एक वर्ग हुरळतो. त्यांना मोबाइलवरच्या रीळमध्ये बघितलेले एकसारखे काचेचे डबे, त्यात उकडलेली ब्रोकोली आणि सात दिवस तेच ते चिकन आठवतं. तो कारखाना त्यांना लखलाभ. दुसऱ्या वर्गाला आजीच्या वाळवणांचा उमाळा येतो. त्यांनी एकदा तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चुलीवर कुरडयांचा चीक हाटून बघावा, म्हणजे उमाळा आपोआप ओसरेल. आजीनं तेव्हा वर्षभराचं करून ठेवलं ते हौसेनं नव्हे, नंतर रोज मरायला नको म्हणून.

आणि चवीचं म्हणाल, तर गोव्याकडं बघा. कालची कडी तिथं कोणी लपवून खात नाही. माशांची कालची कडी सकाळी आटवून, दाट करून पावाबरोबर किंवा पेजेबरोबर चवीनं खातात, आणि त्यासाठी कोणी माफी मागत नाही. सोलापूरकडची कडक भाकरी तर टिकावी म्हणूनच तशी भाजतात. आमच्या पांढरपेशा घरांतच ताज्याचं एवढं सोवळं. त्यात सासूबाईंची पिढीही सामील, हे सांगितलं नाही तर खोटेपणा होईल. ज्यांनी चाळीस वर्षं उभ्यानं पोळ्या वाढल्या, त्यांना सून बसून जेवताना बघवत नाही.

आमच्या घरात आता पोळ्या संध्याकाळी सातला एकदम होतात, फडक्यात गुंडाळून डब्यात जातात आणि सगळे एका वेळी जेवायला बसतात. मीसुद्धा. तव्यावरून थेट पानात हवी असणाऱ्याला कोणाची मनाई नाही. कणीक झाकून ठेवलेली असते, पोळपाट ओट्याखाली आहे, आणि हिंगाची डबी डावीकडच्या फळीवर, हळदीच्या मागं.