भाड्याची ट्रॉली आणि घाटाचा उतार

मृग तोंडावर आला की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर एक दृश्य अधूनमधून नजरेस पडते. घाटमाथ्यावरून कोणीतरी पंधरावीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर विकत घेतलेला असतो आणि तो भाड्याच्या ट्रॉलीवर चढवून, दुसऱ्या ट्रॅक्टरमागे जोडून बोरघाटातून खाली आणला जात असतो. दोनतीन एकर भातशेती करणाऱ्याला नव्या ट्रॅक्टरची किंमत झेपत नाही. तेव्हा जुना घेण्यात गैर काहीच नाही. तो ज्या रीतीने घरी आणला जातो तिच्याविषयी मात्र बोलले पाहिजे. हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे असेही समजू नये. गावाकडे वडिलार्जित जमीन असलेले कितीतरी शिक्षक आणि कारकून आज असे जुने ट्रॅक्टर घेतात. सुट्टी रविवारची, म्हणून ट्रॅक्टर निघतो शनिवारी रात्री.

थोडा हिशेब मांडू. बी-२७५ किंवा मॅसी फर्ग्युसन १०३५ यांसारखा जुना ट्रॅक्टर सुमारे पावणेदोन ते दोन टनांचा. चिखलणीत पकड यावी म्हणून मागच्या चाकांत पाणी भरलेले असेल, तर वजन आणखी काहीशे किलोंनी वाढते, आणि विकणारा ते सांगेलच असे नाही. त्यात ट्रॉलीचे स्वतःचे वजन. म्हणजे ओढणारा जेमतेम दोन टनांचा आणि त्याला मागून लोटणारे तीन-साडेतीन टन! सपाटीवर हा व्यस्तपणा जाणवत नाही. खंडाळ्याकडून खोपोलीकडे रस्ता उतरू लागला की जाणवतो. कारण आपल्याकडच्या बहुतेक दोनचाकी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. पुढचा चालक ब्रेक दाबतो, मागचे ओझे थांबायला तयार नसते, ते पुढच्याला आडवे फिरवते. त्यातच शेतात झटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक सुटे ठेवलेले असतात आणि रस्त्यावर येताना दोन्ही पायदांड्या जोडणारी खिटी लावायचे राहून जाते. मग एकाच बाजूचे चाक धरते. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभागही आहेत. त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

काय करावे हे चालकांना ठाऊक नाही, असे मुळीच नाही. एखाद्या जुन्या चालकाला चहा पाजून विचारा, तो सर्व सांगेल. ट्रॅक्टर उभ्या फळ्यांवरून सरळ चढवू नये, पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलथतो. ट्रॉली मातीच्या उंचवट्याला लावून आडव्याने चढवावा. वजन आसाच्या किंचित पुढे पडावे, मागे पडले तर ट्रॉलीची दांडी उचलली जाते आणि ती शेपटीसारखी हेलकावू लागते. चारही कोपऱ्यांना साखळदंड हवेत, आणि ते सांगाड्याला बांधलेले, स्टिअरिंगच्या दांड्यांना नव्हे. नायलॉनची दोरी ताणते आणि धारेवर घासून तुटते. चाकांना ठोकळे, जोडपिनेला अडकण, शिवाय पिन निसटलीच तर आधाराला वेगळी साखळी. पाचसात किलोमीटर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्यात, कारण टायर बसतात आणि साखळ्या सैल पडतात.

मग हे होत का नाही? उत्तर भाड्याच्या पद्धतीत आहे. भाडे ठरते खेपेवर. हीच ट्रॉली दिवसभर वीटभट्टीवर राबलेली असते. रात्रीची खेप ही वरकमाई. साखळ्या बांधण्यात गेलेला अर्धा तास चालकाच्या खिशातून जातो, ट्रॉलीवाल्याच्या नव्हे आणि ट्रॅक्टर घेणाऱ्याच्याही नव्हे. अपघात झाला की ट्रॉलीवाला म्हणतो, माल तुमचा. माल घेणारा म्हणतो, गाडी त्याची. मधल्यामध्ये चालक असतो, आणि तो बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसतो.

बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ, अशी कथा सांगतात. जाताना तेथे नाणे टाकण्याचा वाहनचालकांचा प्रघात आहे, आणि त्या श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच डोंगरात १८६३ पासून रेल्वे चालते, आणि ती उताराशी कशी वागते तेही पाहावे. सदतिसास एक अशा चढासाठी कर्जतला मागे जादा इंजिने जोडण्याची व्यवस्था झाली. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच तर तिला चढावर वळवून थांबवणारे वेगळे रूळ घाटात घातले गेले. ताबा सुटणारच नाही, असे रेल्वेने गृहीत धरले नाही.

आणि मंद वाहनाचा धोका त्याच्यापुरता राहत नाही. जुलै २०२४ मध्ये आषाढीच्या तोंडावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, जेथे ट्रॅक्टरला मज्जावच आहे, मध्यरात्रीच्या सुमारास डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस ट्रॅक्टरवर आदळून खड्ड्यात कोसळली. पाच जण दगावले. तेथे प्रश्न ट्रॉलीचा किंवा साखळ्यांचा नव्हता, अंधाराचा आणि वेगातल्या फरकाचा होता. परंतु मागचा दिवा नसलेली ट्रॉली जुन्या महामार्गावर रात्री उभी राहते, तेव्हा याहून निराळे काय घडत असते?

कायद्याने ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते. ती आहे की नाही हे पाहणे परिवहन खात्याचे काम आहे, आणि पावसाळ्यापूर्वी कर्जत व खोपोलीच्या बाजाराच्या दिवशी ट्रॉल्यांच्या तपासणीचे शिबिर भरवणे काही अशक्य नाही. तोवर घेणाऱ्याने दोन अटी घालाव्यात. बांधण्या-उतरवण्याच्या वेळेचे पैसे खेपेच्या भाड्याहून वेगळे द्यावेत, म्हणजे चालकाला घाई करण्याचे कारण उरणार नाही. आणि ट्रॉली दिवसाउजेडी, स्वतः पाहून घ्यावी: पिन, साखळी, टायर, मागचा दिवा. त्यासाठी शनिवारची अर्धी रजा टाकावी लागली तर टाकावी.