हात वर गेला, तरच चढाई रंगते

कबड्डीचा सामना संपला की दोन्ही संघ ओळीत उभे राहून हात मिळवतात, प्रमुख पाहुणे खिलाडूवृत्तीवर चार वाक्यं बोलतात आणि मग सगळे चहाकडे वळतात. आपल्याकडे खिलाडूवृत्ती म्हणजे एवढंच. सामना संपल्यावर दाखवायची गोष्ट. सामना चालू असताना मात्र "आक्रमक खेळा रे!" हा एकच मंत्र. जणू आक्रमकपणा जिंकणाऱ्यांसाठी आणि खिलाडूवृत्ती हरणाऱ्यांच्या समाधानासाठी. मला हे उलटं वाटतं. कबड्डीत तरी आक्रमण हे प्रामाणिकपणाच्या खांद्यावर उभं असतं. तो काढून घेतला की चढाई संपते, उरते ती नुसती ओढाताण.

कसं ते सांगते. तेरा मीटर बाय दहा मीटरचं मैदान. एक चढाईपटू, समोर सात जण, हातात तीस सेकंद आणि एक दम. त्याने पुढे झुकून बोटाच्या टोकाने कुणाच्या तरी मनगटाला स्पर्श केला आणि मध्यरेषा गाठली, तर तो गडी बाद. पण तो स्पर्श झाला की नाही हे नक्की कुणाला कळतं? दोघांनाच. ज्याने हात लावला त्याला आणि ज्याला लागला त्याला. मोठ्या स्पर्धेत सरपंच असतो, दोन्ही बाजूंना पंच असतात, रेषापंच असतात, गुणलेखक असतो. तरी बोटाचा स्पर्श त्यांच्या डोळ्यांतून निसटू शकतो. भालकी, औराद, आळंदच्या गावांत जत्रेच्या वेळी सामने होतात, तिथे तर कधीकधी एकच पंच शिट्टीही वाजवतो आणि गुणही लिहितो. तिथे निर्णय देणारा खरा माणूस म्हणजे ज्याला हात लागला तो. त्याने स्वतःहून हात वर केला आणि रेषेबाहेर गेला, तर गुण. नाही केला, तर वाद.

आता हात वर जाणं बंद झालं तर काय होतं ते बघा. चढाईपटू शहाणा असतो. हलका स्पर्श मान्यच होणार नाही हे त्याला दोन चढायांत कळतं. मग तो बोटाचा स्पर्श, पायाच्या अंगठ्याचा स्पर्श, पळता पळता मागे टाकलेला हात, हे सगळं सोडून देतो. म्हणजे कौशल्याचं जे जे आहे ते सोडतो. मग उरतं काय? जो स्पर्श शंभर लोकांना दिसेल आणि कुणालाच नाकारता येणार नाही तो. अंगावर धडकणं, जर्सी ओढून नेणं, तिघांना फरफटत मध्यरेषेपर्यंत आणणं. लोक टाळ्या वाजवतात, पण यात गुडघे जातात, खांदे निखळतात. आणि ज्यांच्या अंगात एवढी ताकद नाही, ती चपळ, बारीक पोरं चढाईला जातात, बोनस रेषेच्या आसपास पाय नाचवतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. "आपली मुलं आक्रमक खेळत नाहीत" अशी तक्रार आपण करतो. ती खेळणार कशी? त्यांचं हत्यारच आपण बोथट करून ठेवलंय.

रिकाम्या चढायांचा हा आजार नियम करणाऱ्यांनाही दिसला. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली आणि तिने तो नियम घराघरांत पोचवला: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. आपण सगळे त्याला "डू ऑर डाय" म्हणतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड केली तर जास्तीचा एक गुण, म्हणजे कमी पडलेल्या बाजूलाही लढायला कारण. याचा परिणाम दिसला. बेंगळुरू बुल्सकडून खेळताना पवन सेहरावतने 2019 मध्ये हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच सामन्यात चढाईचे 39 गुण घेतले. पण तो सामना आठवा: कॅमेरे होते, दाद मागायची सोय होती आणि स्पर्श झालेला गडी बहुतेक वेळा स्वतःच हात वर करून बाहेर जात होता. ते शेवटचं नसतं, तर एवढे गुण मोजता मोजताच रात्र झाली असती.

अशीच अडचण आयर्लंडच्या गेलिक फुटबॉललाही आली. हा खेळ आपल्याला थोडा ओळखीचा वाटावा असा आहे. तिथली संघटना 1884 मध्ये थर्ल्स या गावी स्थापन झाली. खेळाडूंना पगार नाही, आणि बहुतेक क्लब धर्मग्रामाच्या हद्दीवर बांधलेले. म्हणजे रविवारी मिस्साला शेजारी बसणारी पोरं दुपारी एका जर्सीत खेळतात. गेल्या काही वर्षांत तिथले संघ सगळे गडी मागे ओढून बचावाची भिंत उभी करायला लागले आणि चेंडू आडवा आडवा फिरत राहिला. लोक कंटाळले. म्हणून 2025 पासून नवे नियम आले. गोलापासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला एकाऐवजी दोन गुण. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू मैदानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत असलेच पाहिजेत. यासोबत अजून एक नियम आला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तुमच्याकडून आगळीक झाली तर चेंडू समोरच्याच्या हातात नीट द्यायचा. फेकून दिला, अडवून धरला किंवा पंचाशी हुज्जत घातली, तर समोरच्याचा फटका पन्नास मीटर पुढे. बघा, आक्रमण वाढवायला बसलेल्या लोकांना शिष्टाचाराचा नियमही सोबतच करावा लागला. कारण चेंडू लपवणारा संघ समोरच्याचं आक्रमणच लपवत असतो.

पण नियम आणि कॅमेरे सगळं करू शकत नाहीत. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगचौच्या आशियाई खेळांत भारत आणि इराणच्या पुरुषांचा अंतिम सामना झाला. दोन मिनिटंही उरली नव्हती, गुण बरोबरीत होते. पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला रोखायला इराणचे बचावपटू त्याच्या मागे गेले. आता ते बचावपटूही बाद धरायचे की फक्त चढाईपटू? जुना नियम एक सांगत होता, नवा नियम दुसरं. निर्णय पुन्हापुन्हा बदलला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना तासभर थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला. सुवर्णपदक मिळालं, आनंदही झाला. पण जगातले उत्तम पंच आणि यंत्रं असूनही तास गेला. मग औरादच्या काळ्या मातीवर, जिथे चुन्याची रेषाच अर्ध्या तासात पुसली जाते, तिथे यंत्राची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे वर गेलेला हात हेच आपलं यंत्र.

आपल्या भागात याला अजून एक बाजू आहे, आणि ती बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळे बिदर जिल्ह्यातच होते. मग राज्यांची फेररचना झाली, ते तिकडे गेले, भालकी-औराद इकडे राहिले. पण सामन्यांना संघ अजूनही ये-जा करतात. एकाच मैदानात मराठी, कन्नड आणि दख्खनी ऐकू येते. हे ऐकायला फार गोड वाटतं, स्पर्शावरून वाद होईपर्यंत. एका गावात मी बघितलंय. चढाईपटू परतला आणि ओरडला, "टच झाला!" समोरून "इल्ला, इल्ला!" पंच म्हणाला, "टच आग्यद." झालं. दोन मिनिटांत प्रश्न बोटाचा राहिला नाही. पंच कुठला, त्याची भाषा कुठली, गुण कुणाच्या बाजूने दिला, हे सुरू झालं. ज्या मुलाला खरंच हात लागला होता तो मध्ये उभा होता, गप्प. त्याच्याभोवती मोठी माणसं सीमाप्रश्न सोडवत होती. त्याने फक्त हात वर केला असता, तर सत्तर वर्षांचा वाद त्या मैदानात आलाच नसता.

म्हणून मी म्हणते की आपल्याकडे हात वर करणं ही नुसती सभ्यता नाही. ती शांततेची सोय आहे. पंचाने दिलेला निर्णय "त्यांचा" असू शकतो. स्वतः गड्यानेच दिलेला निर्णय कुणाचाच नसतो, त्यावर कोण भांडणार?

कबड्डीला भाषा आणि देश यांच्या पलीकडे नेणारी माणसं आपल्यातच होऊन गेलीत. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन हा खेळ जगाला दाखवला. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच माणसाने आपल्याला हरवलं म्हणून तेव्हा काहींना वाईट वाटलं. मला त्यात खेळाचा मोठेपणा दिसतो. जे येतं ते समोरच्यालाही मन लावून शिकवायचं, आणि तो आपल्याहून चांगला खेळला तर मान्य करायचं. हात वर करणं यापेक्षा वेगळं काय असतं?

आता यावरचा सगळ्यात जड आक्षेप. मी हे एका सीनियर खेळाडूला बोलले तेव्हा तो म्हणाला, "तुला बोलायला सोपं आहे. आम्हाला हा एक गुण म्हणजे नोकरी आहे." हे खोटं नाही. पोलीस, रेल्वे, बँका खेळाडूंना घेतात. कोरडवाहू शेती असलेल्या घरातल्या मुलासाठी कबड्डीचं प्रमाणपत्र हा कदाचित एकमेव दरवाजा असतो. निवड चाचणीत बसलेले लोक गुण बघतात, मन बघत नाहीत. अशा मुलाला "प्रामाणिक राहा" म्हणून मोकळं होणं मलाही पटत नाही.

पण हिशेब पुरा करूया. त्याने लपवलेला स्पर्श हवेत जात नाही. तो समोरच्या चढाईपटूचा गुण असतो. आणि समोरचा चढाईपटू कोण? तोही तशाच कोरडवाहू घरातला, तोही त्याच दरवाजाशी उभा. आपण व्यवस्थेला फसवतोय असं वाटतं, पण फसतो तो आपल्यासारखाच एक पोरगा. आणि पुढच्या आठवड्यात चढाईला आपण जातो तेव्हा हाच डाव आपल्यावर उलटतो. सगळ्यांनी स्पर्श लपवला तर निवड समितीपुढे कुणाचंच कौशल्य येत नाही, फक्त वजन येतं. मग बारीक, चपळ पोरांना दरवाजा कायमचा बंद. नोकरीचाच विचार करायचा तरी हात वर करणं फायद्याचं आहे, पण ते सगळ्यांनी मिळून केलं तर. एकट्याने केलं तर तो एकटा तोट्यात जातो, हे मला मान्य आहे. म्हणूनच ही एकेकाच्या सद्सद्विवेकावर सोडायची गोष्ट नाही. आपण कॅथलिक मुलं पापनिवेदन बंद दाराआड करतो. मैदानावरची कबुली उघड्यावर असते, सगळ्यांसमोर, आणि लगेच. तिला सोबत लागते.

ती सोबत कशी द्यायची, यावर माझ्या तीन साध्या सूचना. पहिली, नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांनी मोठ्याने सांगावं की आमचे गडी स्पर्श झाल्यावर स्वतः हात वर करतील. कानडीत सांगा, मराठीत सांगा, दोन्हीत सांगितलं तर उत्तम. दुसरी, गुणपत्रकात एक जादा रकाना काढावा: किती गडी पंचाने सांगण्याआधी स्वतःहून बाहेर गेले. सामन्यानंतर उत्कृष्ट चढाईपटू आणि उत्कृष्ट पकड यांच्या बक्षिसांसोबत तो आकडाही वाचून दाखवावा. आपल्याकडे जे मोजलं जातं त्यालाच मान मिळतो, तर हेही मोजूया. तिसरी सूचना प्रेक्षकांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. आपल्या संघातल्या मुलाने हात वर केला की आपण काय करतो? "अरे, कशाला केलास!" म्हणून ओरडतो. मैदानाबाहेरून आलेला हा एक आवाज त्याचा पुढचा हात खाली ठेवतो. त्याऐवजी टाळी वाजवा. गुण गेला तरी वाजवा.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्यात. मुलामुलींचा सराव संध्याकाळी साडेपाचला मागच्या मैदानावर असतो. सोसायटीतल्या सगळ्यांनी एकदा तरी या. गुणपत्रकातला तो जादा रकाना कुणी भरायचा हे अजून ठरलेलं नाही. ज्याचं अक्षर चांगलं आहे आणि डोळे स्थिर आहेत, त्याने पेन घेऊन यावं.